खंडेनवमीला उतरलेली बॅटरी

सन एकोणीसशे बावन्न. मला एकोणिसावं लागलं होतं. मिशी धड फुटली नव्हती, पण मोटार चालवता येत होती, म्हणून जुनी इंदूरच्या आमच्या गल्लीत मी मान ताठ ठेवून चालायचो. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तरांच्या मर्जीने. तेव्हा ह्या लिहिण्यात कोणी ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नये. पुढे सगळी उमर मी बॅटऱ्यांचंच काम केलं. बड़ा गणपतीजवळ माझं दुकान होतं, आणि त्या बाजूचे जुने लोक मला अजून बॅटरीवाले दादा म्हणूनच ओळखतात. पोरांना वाटतं, शिक्षण नव्हतं, जे मिळालं ते केलं. तसं नव्हतं. कसं होतं ते लिहून ठेवतो, कारण विचारणारं आता कोणी उरलं नाही आणि न विचारता सांगायला लागलो की सगळे उठून जातात.

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा आणि मागे आवार. आवार घरापेक्षा मोठं, कारण ते माणसांसाठी नव्हतंच. आजोबांच्या काळात तिथे घोडं बांधायचे. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, संस्थानच्या रिसाल्यात दफेदार होते. त्यांचा घोडा लाईनीत असायचा, पण खंडेनवमीला, मतलब दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारं आणि वाहनं पुजतात तेव्हा, त्याला घरी आणायची मुभा होती. लहानपणी माझ्या लेखी दिवाळीपेक्षा तो दिवस मोठा. आबा घोड्याला न्हाऊ घालायचे, कपाळाला गंध, गळ्यात झेंडूची माळ, आणि आई लुगड्याचा ओचा खोचून घाबरत घाबरत त्याच्या खुरांवर पाणी घालायची. तो तिच्या खांद्याशी फुरफुरला की "अगं बाई" करून मागे सरायची. रात्री आबा आपली खाट आवारात टाकायचे, घोड्याच्या शेजारी. मी उशाशी कान लावून ऐकायचो. अंधारात घोडा हरभरा चावतोय त्याचा कुडुम कुडुम आवाज, मधूनच आबांचं खोकणं, आणि लांबून खान नदीच्या पुलावरून जाणाऱ्या बैलगाड्या. आता विजय नगरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. एसी चालू असतो, खिडक्या बंद असतात, झोप येत नाही. मी तो हरभऱ्याचा आवाज आठवत पडतो.

मग राज्य गेलं, मध्यभारत झालं. रिसाला मोडला. घोडे लिलावात निघाले आणि आबांचा घोडा एका टांगेवाल्याने नेला. तेव्हापासून रस्त्यात टांगा दिसला की आबा तोंड फिरवायचे, आणि इंदुरात तेव्हा टांग्यांशिवाय होतं काय? म्हणून ते बाहेर पडेनासेच झाले. तलवारही रिसाल्याबरोबर जमा झाली. आमच्याकडे खंडेनवमीला देवासमोर पाट मांडायचे, त्यावर मधोमध तलवार असायची. ती गेल्यावर आबा पाट मांडायचे तसाच, एका बाजूला आईची विळी, दुसऱ्या बाजूला कोयता, आणि मधली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेवरच ते हळद-कुंकू वाहायचे. आई एकदा म्हणाली, "अहो, विळी जरा मधे सरकवा की." आबांनी नुसतं पाहिलं तिच्याकडे. विळी होती तिथेच राहिली.

मी डॉक्टरसाहेबांच्या मोटारीवर लागलो ते आबांना पसंत नव्हतं. डॉक्टरसाहेब तुकोगंजातले, आपलेच मराठी, त्यांचे वडील दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. माणूस मोकळा, मोठ्याने बोलणारा. गाडी विलायती, काळी, लांब नाकाची. दार उघडलं की आतून चामड्याचा आणि साहेबांच्या चिरुटाचा वास यायचा. मी दिवसातून कितीदा तरी विनाकारण दार उघडायचो. आबा म्हणायचे, "जनावराला माणूस कळतो. त्या डब्याला काय कळतं?" मी म्हणायचो, "डबा म्हणू नका." ते म्हणायचे, "डबाच." असं आमचं चालायचं, आणि आई मधे बसून भाकऱ्या थापायची, एक ह्यांच्या ताटात, एक माझ्या, म्हणजे दोघांची तोंडं बंद.

साहेबांनी मला कच्चं ठेवलं होतं. पक्कं करायचं का नाही ते दसऱ्याला ठरणार होतं. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, "सदाशिव, दसऱ्याला सकाळी सातला गाडी फाटकात पाहिजे. घरच्यांना देवासच्या टेकडीवर देवीला न्यायचंय. वेळेवर आलास, नीट नेलंस, की तू पक्का. नाहीतर दुसरा एक जण सांगून गेलाय." आणि मग म्हणाले, "उद्या खंडेनवमी. गाडी चालवतोस तू, तेव्हा ती तुझं हत्यार. ज्याचं हत्यार त्याच्या घरी पूजा. घेऊन जा घरी."

मला आजही खंडेनवमीच्या दुपारचा तो रस्ता आठवतो. मी गाडी घेऊन आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा पोरं मागे, बाया दारात, आणि आबा ओट्यावर पाठ करून बसलेले. मागच्या बाजूने आवाराचं मोठं दार होतं, त्यातून गाडी आत घेतली आणि घोड्याच्या जुन्या ठाणाजागी उभी केली. धुतली, पुसली, बॅटरीची टोकं गरम पाण्याने साफ करून त्यांना वंगण लावलं. त्या काळच्या बॅटरीला वर उघडी शिशाची टोकं असत, त्यांवर पांढरट बुरशी धरते, ती काढायला लागते. आईने पुढे येऊन, अगदी घोड्याच्या खुरांवर घालायची तसंच, चाकांवर पाणी घातलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ही बरी. फुरफुरत तरी नाही."

संध्याकाळी पाट मांडला. विळी, कोयता, मधली जागा रिकामी. मी माझे पाने, पक्कड पाटाच्या एका कडेला नेऊन ठेवले, कोणाला दिसू नयेत असे. आबा पूजेला बसले, आणि बसता बसता परत उठले. आवारात आले, गाडीभोवती एक चक्कर मारली. त्या दिवसापर्यंत त्यांनी तिला बोट लावलं नव्हतं.

"ह्यात तुझं खास कुठलं?" त्यांनी विचारलं.

"खास मतलब?"

"जे हातात धरल्याशिवाय चालत नाही ते."

मी सीटखालून हँडल काढून दिलं. आजच्या पोरांना माहीत नसेल. वाकवलेली लोखंडी सळई असते, गाडीच्या नाकात घालून जोराने फिरवली की इंजिन चालू होतं. स्टार्टर बिघडला की तीच कामाला येते. आबांनी ते हातात तोललं. पंचाच्या टोकाने पुसलं. आत नेलं आणि पाटावर मधोमध, तलवारीच्या जागी ठेवलं. त्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. कोहळा कापला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आईकडे पाहिलं तर ती पदराने डोळे पुसत होती आणि म्हणत होती, चुलीचा धूर आहे.

रात्री वडे आणि मटणाचा रस्सा. रस्सा पातळ झाला होता म्हणून आईने वरून मूठमूठ सेव टाकली, इंदुरात कशावरही सेव चालते. आबा त्या दिवशी पोटभर जेवले. मग त्यांनी खाट उचलली आणि आवारात, गाडीशेजारी टाकली. मी म्हटलं, "आबा, मोटार कोणी चोरून नेत नाही." ते म्हणाले, "तू झोप." मी झोपलो. असा झोपलो की विचारू नका.

दसऱ्याची सकाळ. उजाडायच्या आत अंघोळ करून मी खाकी कोट चढवला. आवारात आलो, गाडीत बसलो, स्टार्टरची कळ ओढली. टक. बस, तेवढाच आवाज. परत ओढली. टक. काल अर्ध्या फेऱ्यात लागणारी गाडी. दिव्याची कळ ओढून पाहिली, तर दोन्ही दिवे विझत्या विडीसारखे लाल. हॉर्न दाबला, तो बेडकासारखा डरकला आणि गप्प झाला.

तेव्हा मला बॅटरीतलं फार कळत नव्हतं. सियागंजात बाबूलाल उस्तादचं बॅटरीचं दुकान होतं, तिथे उभं राहून जे पाहिलं तेवढंच. त्यात हत्यारं सगळी पाटावर. आणि पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीची उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. पाना नाही, पक्कड नाही. नुसते हात. मी बॅटरीची टोकं धरून हलवली, घट्ट. आईकडून चुलीवरचं कढत पाणी आणून टोकांवर ओतलं, परत कळ ओढली, टक. बॅटरीची एक तार गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते, तिथे गंज धरला की अशीच गत होते. म्हणून खिशातल्या पैशाच्या कडेने ती जागा घासून चकचकीत केली. टक. मग मला आठवलं, बाबूलाल म्हणायचा की बॅटरीत तीन घरं असतात आणि एक जरी मेलं तर बॅटरी बसते. मेलेलं घर कसं ओळखायचं, तर स्टार्टर ओढला की त्यात बुडबुडे उठतात. घरांची बुचं हाताने फिरवून काढली. पण बघायचं मी, तर कळ ओढायची कोणी?

"आई, जरा गाडीत बस."

"मी? माझे हात पिठाचे आहेत."

"बस गं. ओढ म्हटलं की ही कळ ओढायची."

"उडणार तर नाही ना रे?"

"नाही उडत."

ती पदर आवळून, सीटच्या अगदी काठावर बसली. मी तीन भोकांवर डोळे लावले. "ओढ."

"ओढली."

"परत ओढ."

"ओढली बाबा. मेली काही करतच नाही. सदू, काल मी पाणी जास्त घातलं का रे चाकांवर?"

तिन्ही घरं शांत, सारखी. पाणी काठोकाठ. म्हणजे बॅटरी मेली नव्हती. रिकामी झाली होती. कोणीतरी रात्रभर पिऊन टाकल्यासारखी. मी डायनामोवर तळहात ठेवला, कारण कधी कधी त्याचा खटका चिकटतो आणि तो उलटी वीज खातो. मग तो गरम लागतो. गार होता. मग गेली कुठे? मी गाडीच्या पुढे येऊन उभा राहिलो आणि खाली पाहिलं. दोन्ही मोठ्या दिव्यांखाली जमिनीवर मेलेल्या किड्यांचा ढीग. पावसाळा नुकताच सरलेला, हवेत पाखरं फार होती. पंख, हिरवे किडे, एक मोठा तपकिरी पतंग अजून फडफडत होता. आणि दिव्यांच्या काचांवर, वरच्या बाजूला, हळद-कुंकवाची बोटं. ती मी लावली नव्हती.

आबा विहिरीवरून अंघोळ करून, ओल्या पंचाने, तोंडाने देवीचं नाव घेत आवारात आले.

"आबा, रात्री हिचे दिवे लावले होते?"

"मग? अंधारात ठेवायची? पुजलेल्या वाहनाजवळ रात्रभर दिवा असतो. समईच लावणार होतो, तर तुझी आई म्हणाली पेट्रोलचा वास येतोय, जाळ नको. खरंच होतं ते. मग म्हटलं, हिचे स्वतःचे दिवे आहेत की. तू ओढतोस ती दांडी ओढली."

"आणि मग?"

"पहाटेला आपोआप शांत झाले. दांडी मी परत आत सारली. तेल संपलं असेल, घालून घे."

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो ते मला चांगलं आठवतंय आणि ते मी इथे लिहिणार नाही. पण बोललो नाही. आबांचा चेहरा न्हालेला, ताजा होता, आणि त्यांनी जाता जाता गाडीच्या नाकावर हात फिरवला, सहज, वळूनही न पाहता, जसा घोड्याच्या मानेवरून फिरवायचे.

आता ऐका, पेच काय होता. बॅटरीत स्टार्टर फिरवायचा दम नव्हता, पण ठिणगीपुरती वीज होती. लाल का होईना, दिवा लागत होता ना! हँडल मारलं असतं तर गाडी लागली असती, आणि सातच्या आत मी तुकोगंजात पोचलो असतो. ढकलून लावावी तर मागची वाट चढाची, एवढी जड गाडी हलायची नाही. हँडल पाटावर होतं. मी देवासमोर जाऊन उभा राहिलो. आई मागून येऊन हळूच म्हणाली, "उचल. त्यांना मी सांगते." मी विचारलं, "उत्तरपूजेला किती वेळ?" ती म्हणाली, "अजून दही-भाताचा नैवेद्य व्हायचाय, आणि ह्यांची पूजा तुला माहीत आहे." मला माहीत होती. दरबारातून बोलावणं आलं असतं तरी आबा एक श्लोक गाळणारे नव्हते.

मी हात पुढे केला होता. हँडलवर झेंडूचं फूल होतं, ते बाजूला करायला लागलं असतं. कितीतरी वर्षांनी त्या जागी काहीतरी आलं होतं आणि ते माझं होतं. मी हात मागे घेतला. नोकरी जाते तर जाऊ दे म्हटलं. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही देवाला घाबरलात. नाही रे बाबा. देवाला मी तेव्हाही घाबरत नव्हतो.

शेजारच्याची सायकल घेऊन मी तुकोगंजात गेलो. गिरणीचा सातचा भोंगा वाटेतच झाला. फाटकात साहेब, बाईसाहेब, मुली, ओटीच्या परड्या घेऊन सगळे तयार.

"गाडी?" साहेबांनी विचारलं.

"बॅटरी उतरली."

"कशाने?"

"दिवे राहिले रात्रभर."

"कोणाकडून?"

"माझ्याकडून."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. चिडले नाहीत, हेच वाईट वाटलं. म्हणाले, "मग पक्क्याचं राहू दे. संध्याकाळी गाडी आणून लाव." आणि स्टेशनवर जायला टांगा बोलवायला माणूस पिटाळला. मी हात जोडले नाहीत, गयावया केली नाही. सायकल वळवली.

घरी आलो तेव्हा उत्तरपूजा होऊन दही-भाताची पानं वाढलेली. आबांनी हँडल उचलून माझ्या हातात दिलं, आणि मी ते गाडीच्या नाकात घालतोय तेवढ्यात म्हणाले, "दे इकडे."

"आबा, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा. उलटा झटका बसतो."

"मला लगाम धरायला शिकवतोस?"

पण अंगठा ठेवला. मी आत जाऊन कळा लावल्या. पहिल्या फेऱ्याला काही नाही. दुसऱ्याला इंजिन खोकलं. मग आबांनी पाय रोवले, बंडीच्या शिवणी ताणल्या, आणि अशी फिरवली की गाडी एकदम अंग झाडून उठली. सगळं आवार त्या आवाजाने भरलं. आबा मागे सरले नाहीत. बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले. आवाजातून मला ओरडून म्हणाले, "थरथरतेय रे! सगळं अंग थरथरतंय हिचं!" त्या वेळचा त्यांचा चेहरा मला परत एकदा बघायचाय. बाकी आता फार काही बघायचं राहिलं नाही. पुढच्या नवरात्रात आबा नव्हते.

गाडी बंद न करता मी सियागंजात नेली. बाबूलालनेही आपल्या दुकानाची पूजा उरकली होती, कपाळाला भला मोठा टिळा. बॅटरी काढून त्याने चार्जिंगला लावली. दिवस कलता आबा पायी पायी तिथे येऊन हजर. टांग्यांच्या गर्दीतून, एवढ्या लांब. म्हणाले, "साहेबांकडे मीही येतो. सोनं द्यायचंय." आमच्यात दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून देतात, ती त्यांनी रुमालात बांधून आणली होती.

"उस्ताद, काय निघालं?" त्यांनी बाबूलालला विचारलं.

"कुछ नहीं दफेदारजी, बैटरी तो एकदम बढ़िया है. रातभर बत्ती जलती रह गई, बस."

"बत्तीने उतरते?"

"और क्या! बत्ती इसी का तो खाती है."

आबांनी वाकून ती बॅटरी नीट पाहिली. मग माझ्याकडे वळले. "सकाळी का नाही बोललास?"

"उत्तरपूजा व्हायची होती," मी म्हटलं.

गाडीत ते माझ्या शेजारी बसले, पाठ न टेकता, पागोटं छताला लागतंय म्हणून मान जराशी कलती. राजवाड्यावरून गाडी नेली मी, मुद्दाम, लांबून. दसऱ्याची गर्दी, मिठाईच्या दुकानांवर तुपाचा वास, जरीच्या टोप्या घातलेली पोरं. आबा सरळ समोर बघत होते. ओळखीचे एक-दोन जुने शिपाई दिसले, त्यांनी राम राम घातला. आबांनी मान हलवली. चौकातून एक टांगा आडवा गेला तेव्हा मी त्यांच्याकडे चोरून पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. तो रस्ता संपूच नये असं मला वाटत होतं, पण इंदूर तेव्हा लहान होतं, कितीही फिरवून नेलं तरी संपायचंच.

बंगल्याच्या ओसरीवर सोनं द्यायला आलेले पाहुणे बसले होते. साहेब देवासहून परतलेले, खुशीत होते. आबांनी वाकून पानं दिली. साहेब म्हणाले, "या दफेदार. पोरगा तुमचा चांगला आहे हो, हात चांगला आहे. पण दिवे विसरतो. अशाने कसं चालायचं?"

आबा उभे होते. म्हणाले, "तो नाही विसरला. दिवे मी लावले."

"तुम्ही? ते का?"

"पूजेची रात्र. वाहनाजवळ दिवा नको?"

साहेब असे हसले, असे हसले की खुर्ची मागे गेली. "अगं ए, बाहेर ये! ऐकलंस का? दफेदारांनी मोटारीला नंदादीप लावला! तोही तिचाच, तिच्याच बॅटरीवर!" बाईसाहेब आल्या, मुली आल्या. पाहुणे हसले. कोणीतरी म्हणालं, "हरभऱ्याची चंदीही घातली असेल!" परत हशा. वाईट मनाने कोणी हसत नव्हतं, हे मी आजही सांगेन. सणाचा दिवस, गोष्ट हसण्यासारखीच. पण मी पाहिलं, आबाही हसत होते. चारचौघांत कधी न हसणारा माणूस, रुमालात उरलेली आपट्याची पानं धरून, त्यांच्याबरोबर, त्यांच्याएवढंच मोठ्याने हसायचा प्रयत्न करत होता. का ते मला कळत होतं. ह्यांची मर्जी राहिली तर पोराचं काम होईल.

आणि झालंच. साहेब डोळे पुसत म्हणाले, "सदाशिव, खरं काय ते आधी सांगायचं रे. उद्या सातला ये. तू पक्का." आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी "जी" म्हटलं आणि गाडीची किल्ली आत नेऊन खिळ्याला अडकवली.

परतताना आम्ही चालत आलो. पुलावर आल्यावर आबा म्हणाले, "माणसं चांगली आहेत." मी म्हटलं, "हो." घरी आईने साखर वाटली, गल्लीत चार घरी सांगून आली. आबांनी आपलं जुनं रिसाल्याचं ब्रासो काढून माझ्या खाकी कोटाची बटणं चमकवली आणि कोट खुंटीला नीट टांगला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कोट घातला. आईने भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. आबा ओट्यावर होते, म्हणाले, "वेळेवर जा." मी गल्ली ओलांडली, पूल ओलांडला, तुकोगंजाकडचा रस्ता सोडला आणि सियागंजात बाबूलालच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. सातचा भोंगा झाला तेव्हा तिथेच बसलो होतो. थोड्या वेळाने बाबूलाल आला. माझ्या कोटाची बटणं पाहिली, कुलपात किल्ली घालता घालता म्हणाला, "क्या भिया, गाड़ी फिर बंद?"

मी म्हटलं, "गाड़ी तो चालू है उस्ताद. मेरेको रख लो."